संग्रहणीतून वाचलेला संशोधक

पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलेल्यांना लेप्टो टाळण्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोळी टेट्रासायक्लिन कुळातली. या कुळातले पहिले औषध ज्यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेत सापडले, त्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणाला आठवत नाही.

जन्म १८९५, आंध्रातील भीमावरम. त्यांचे भाऊ संग्रहणीने गेले. मद्रासला डॉक्टरकी शिकताना खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रियेला उभे राहिल्यामुळे वरिष्ठांची मर्जी गेली आणि पूर्ण पदवीऐवजी एलएमएसवर समाधान मानावे लागले. पुढे त्यांनाही संग्रहणीने गाठले. डॉ. अचंता लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते बरे झाले आणि मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवू लागले. आयुर्वेदाविषयी त्यांना आस्था होती. पण औषधातला नेमका कोणता घटक काम करतो, हे शोधल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

१९२२ मध्ये ते बोस्टनला गेले. पोटासाठी इस्पितळात रात्रपाळी केली. १९४० पासून लेडर्ली कंपनीत संशोधन. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. ज्या रोगाने भावांना नेले, त्याच संग्रहणीवर ते उपयोगी ठरले! तिथेच बेंजामिन डग्गर यांना मिसुरीच्या मातीतील सोनेरी जिवाणूपासून ऑरिओमायसिन मिळाले. १९४८ मध्ये ते जगासमोर आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, सुब्बाराव गेले.

१९९४ च्या सुरत प्लेगच्या वेळी याच कुळातल्या कॅप्सूलसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. लेप्टो, स्क्रब टायफस, कॉलरा यांत ही औषधे आजही कामी येतात, सर्दी-फ्लूवर नाहीत. हळद, तुळस, लसूण स्वयंपाकात जरूर असावेत, काढा घशाला बरा वाटतो, पण लेप्टोच्या तापात तो गोळीची जागा घेत नाही. ताप अंगावर काढून कावीळ झाल्यावर येणारे रुग्ण वाचवणे कठीण जाते.

डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत व्रण पडतो. लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीची औषधे आणि दूध यांच्यापासून दोन तासांचे अंतर हवे. औषध चालू असताना ऊन बाधते. गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. आठ वर्षांखालील मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. गंभीर आजारात डॉक्टर तरीही थोडे दिवस देतात, तो निर्णय त्यांचाच. घरात मुदत संपलेल्या जुन्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल असतील तर फेकून द्या. अशा कॅप्सूलनी मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे आहेत.