पंडित माधवराव सप्रे

आज रायपूरचे नाव निघाले की उरला आणि सिलतरा येथील लोखंड-पोलादाचे कारखाने आठवतात. छत्तीसगड राज्याची ही राजधानी सव्वाशे वर्षांपूर्वी मध्य प्रांतातील एक लहान शहर होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या भागात अनेक मराठी कुटुंबे येऊन राहिली होती. 1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. परंतु ही कुटुंबे येथेच रुजली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी आणि शाळेत हिंदी अशा तीन भाषांत त्यांचे आयुष्य चाले. हिंदी पत्रकारितेच्या पायाभरणीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते पंडित माधवराव सप्रे अशाच वातावरणात वाढले. मराठी ही त्यांची मातृभाषा होती. लेखनासाठी मात्र त्यांनी हिंदीचा स्वीकार केला आणि दोन्ही भाषांचे ऋण फेडले.

माधवरावांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत व आईचे लक्ष्मीबाई. घरची स्थिती बेताचीच होती. माधवराव लहान असतानाच हे कुटुंब बिलासपूरला आले आणि तेथे थोड्याच वर्षांत वडिलांचे छत्र हरपले. पुढे थोरल्या भावांच्या आधारानेच त्यांचे शिक्षण चालू राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगी याच नात्याची गाठ आडवी आली.

बिलासपूरचे शिक्षण संपवून ते रायपूरच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तेथे नंदलाल दुबे या शिक्षकांनी त्यांना हिंदी साहित्याची गोडी लावली. 1890 मध्ये ते मॅट्रिक झाले. त्यानंतरचा मार्ग सरळ नव्हता. विवाह झालेला होता, संसाराची जबाबदारी होती आणि पैशांची ओढाताण होती. मध्येच शिक्षण सोडून त्यांनी ठेकेदारीचा व्यवसाय करून पाहिला. त्यात नुकसानच झाले. तेव्हा पुन्हा पुस्तके हाती घेऊन त्यांनी जबलपूर व ग्वाल्हेर येथे अभ्यास केला आणि 1898 मध्ये कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली. मॅट्रिकपासून पदवीपर्यंत पोहोचण्यास त्यांना आठ वर्षे लागली. त्या काळी पदवीधर माणसाला सरकारी नोकरी सहज मिळे, मानही मिळे. माधवरावांनी तो मार्ग धरला नाही. पेंड्रा येथील राजकुमारांना शिकविण्याचे काम त्यांनी स्वीकारले. त्याबद्दल महिना 50 रुपये मिळत.

पेंड्रा हे बिलासपूरच्या उत्तरेकडील, जंगल आणि डोंगर यांनी वेढलेले गाव. तेथे छापखाना नव्हता आणि वाचकवर्गही नव्हता. अशा ठिकाणाहून मासिक काढण्याचा विचार व्यवहारी माणसाने केला नसता. माधवरावांनी पगारातून पैसे बाजूला टाकले, रामराव चिंचोलकर यांना संपादनात सोबत घेतले आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी प्रकाशनाची बाजू सांभाळली. जानेवारी 1900 मध्ये छत्तीसगड मित्र या मासिकाचा पहिला अंक निघाला. तिघेही मराठी भाषक आणि मासिक हिंदी, हा योग सहज घडून आलेला नव्हता. ज्या मुलखात राहतो, तेथील लोकांपर्यंत ज्ञान त्यांच्याच भाषेत पोहोचले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

या मासिकात नव्या पुस्तकांचे सविस्तर परीक्षण येई. पुस्तकाची नुसती स्तुती न करता गुणदोष दाखविण्याची ही पद्धत हिंदीत तेव्हा नवी होती. याच मासिकात 1901 मध्ये माधवरावांची एक टोकरी भर मिट्टी ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते आणि आड येते ती एका अनाथ विधवेची झोपडी. कज्जेदलाली करून तो झोपडी ताब्यात घेतो. एके दिवशी ती वृद्धा टोपली घेऊन येते आणि नातीसाठी चूल घालण्यापुरती त्या जागेतील माती मागते. माती भरल्यावर टोपलीला हात लावण्याची विनंती ती जमीनदारालाच करते. त्याला ती टोपली जागची हलवता येत नाही. एक टोपलीभर मातीचा भार उचलत नाही, तर या साऱ्या जागेचा भार जन्मभर कसा वाहाल, असे वृद्धा त्याला सुचवते. जमीनदाराला आपली चूक उमगते व तो झोपडी परत करतो. अनेक अभ्यासक या कथेला हिंदीतील पहिल्या मौलिक कथांत स्थान देतात, काही तर तिला पहिलीच कथा मानतात. हा मान मोठा खरा. परंतु लिहिताना माधवरावांच्या मनात तो विचारही नसावा. दुर्बळाची जमीन कागदोपत्री कशी जाते, हे त्यांनी आसपास पाहिले होते.

आर्थिक अडचणींमुळे तीन वर्षांनी छत्तीसगड मित्र बंद करावे लागले. त्यानंतर माधवराव नागपूरला गेले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीत शास्त्रीय परिभाषेचा कोश तयार करण्याचे काम हाती घेतले होते. त्यातील अर्थशास्त्राच्या संज्ञांचे काम माधवरावांनी केले. पुढे त्यांनी हिंदी ग्रंथमाला सुरू केली. 1905 मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. माधवरावांनी स्वदेशी व बहिष्कार यांवर पुस्तक लिहिले. ते पुढे सरकारने जप्त केले.

या काळात लोकमान्य टिळकांचा केसरी हा महाराष्ट्राचा आवाज झाला होता. हिंदी जाणणाऱ्या प्रांतांतील लोकांना मात्र तो वाचता येत नव्हता. माधवरावांनी टिळकांची संमती मिळवली आणि 13 एप्रिल 1907 रोजी नागपुरातून हिंदी केसरी हे साप्ताहिक सुरू केले. मूळ केसरीतील विचार हिंदीत आणावेत, त्याबरोबर आपल्या प्रांताच्या प्रश्नांवरही लिहावे, असे त्याचे स्वरूप होते.

1908 साल उजाडले ते सरकारी दडपशाही घेऊनच. 30 एप्रिलला मुजफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला आणि वृत्तपत्रांवर सरकारची नजर अधिक कडक झाली. जूनमध्ये टिळकांना अटक झाली. 22 जुलै रोजी त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. टिळकांनी न्यायासनापुढे मान तुकवली नाही. त्यानंतर महिनाभरात, ऑगस्ट 1908 मध्ये, हिंदी केसरीतील लेखांबद्दल माधवरावांनाही राजद्रोहाच्या कलमाखाली, म्हणजे तत्कालीन दंड संहितेच्या कलम 124-अ खाली अटक झाली.

माधवराव तुरुंगात होते ते सुमारे तीन महिने. शिक्षा भोगण्याची त्यांच्या मनाची तयारी होती. परंतु संकट आले ते घरातून. त्यांच्या थोरल्या बंधूंना ही गोष्ट सहन झाली नाही. माधवरावांनी माफी मागून सुटका करून घेतली नाही, तर आपण जीव देऊ, असा निर्वाणीचा निरोप त्यांनी पाठवला. ज्या काळात थोरल्या भावाचा शब्द वडिलांच्या शब्दासारखा मानला जाई, त्या काळातील ही घटना आहे. त्यातही, माधवरावांच्या बाबतीत या भावाच्या आधारानेच पोरके बालपण निभावले होते. एका बाजूस देशकार्य व टिळकांचे उदाहरण, दुसऱ्या बाजूस भावाचे प्राण. माधवरावांनी माफीपत्रावर सही केली आणि नोव्हेंबर 1908 मध्ये ते सुटले.

चरित्रग्रंथांत ही घटना काही वेळा घाईघाईने उरकली जाते. तसे करणे योग्य नाही, कारण माधवरावांनी स्वतः ती कधी झाकली नाही. बाहेर त्यांच्यावर टीका झाली. पण ती टीका त्यांनी स्वतःला जे सुनावले त्यापुढे काहीच नव्हती. हिंदी केसरीही फार काळ टिकला नाही. माधवरावांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले.

वर्ध्याजवळील हनुमानगड येथे समर्थ संप्रदायातील श्रीधर विष्णू परांजपे राहत असत. माधवराव त्यांच्याकडे गेले आणि सुमारे वर्षभर तेथे राहिले. जपजाप्य, समर्थ रामदासांच्या दासबोधाचे पुनःपुन्हा पारायण आणि मौन असा त्यांचा क्रम होता. तेथून रायपूरला परतल्यावर त्यांनी काही काळ मधुकरीवर निर्वाह केला. मधुकरी म्हणजे दारोदार फिरून थोडे थोडे शिजवलेले अन्न मागून आणणे. बी.ए. झालेला, दोन पत्रांचे संपादन केलेला मनुष्य रायपूरच्या ओळखीच्या रस्त्यांवरून झोळी घेऊन फिरत असे. कोणी त्यांना ही शिक्षा दिलेली नव्हती.

याच काळात त्यांचे सर्वांत टिकाऊ काम झाले. त्यांनी दासबोध हिंदीत आणला. मराठी ओवीतील आशय हिंदी गद्यात उतरवताना समर्थांच्या रोखठोक भाषेचा जोर कमी होणार नाही, याची काळजी घेणे सोपे नव्हते. या वेळच्या लेखनासाठी ते कधी कधी माधवदास रामदासी असे नाव घेत. रायपुरात त्यांनी रामदासी मठ स्थापन केला आणि 1912 च्या सुमारास मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा सुरू केली. मुलींना शाळेत पाठविण्यास लोक नाखूश असताना चालविलेली ही शाळा त्यांच्या कामांत कमी महत्त्वाची मानू नये.

1914 मध्ये टिळक मंडालेहून सुटले. तुरुंगात त्यांनी गीतारहस्य हा ग्रंथ लिहिला होता. तो 1915 मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. कर्म सोडून न देता, फळाची आसक्ती टाकून कर्तव्य करीत राहावे, हा गीतेचा मुख्य उपदेश आहे, असे प्रतिपादन टिळकांनी त्यात केले. एवढा मोठा आणि तत्त्वचर्चेने भरलेला ग्रंथ हिंदीत आणण्याचे काम माधवरावांकडे आले. माफी न मागता सहा वर्षे तुरुंगात काढलेल्या पुरुषाचा ग्रंथ, माफी मागून सुटल्याची खंत उरी बाळगणाऱ्या माणसाने भाषांतरित करायचा होता. टिळकांच्या मनात अविश्वास असता, तर हे काम माधवरावांच्या हाती आले नसते. माधवरावांनी प्रत्येक परिच्छेद कसोशीने उतरवला. उत्तर भारतातील वाचकांच्या पिढ्यांनी गीतारहस्य वाचले ते या भाषांतरातून. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारताच्या उपसंहाराचाही त्यांनी हिंदी अनुवाद केला. तो महाभारत मीमांसा या नावाने प्रसिद्ध आहे.

हळूहळू माधवराव पुन्हा सार्वजनिक कामात आले. पण आता त्यांची रीत बदलली होती. स्वतः पुढे न होता इतरांना पुढे करायचे, असे त्यांनी ठरवले होते. जानेवारी 1920 मध्ये जबलपूरहून कर्मवीर हे साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत माधवरावांचा मोठा वाटा होता, तरी संपादकाच्या खुर्चीवर त्यांनी बसविले ते माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीला. 1921 मध्ये बिलासपूर येथील भाषणाबद्दल माखनलालांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि ते बिलासपूरच्याच तुरुंगात गेले. माधवरावांचे बालपण ज्या गावात गेले, तेच हे गाव. शिष्याने शिक्षा पूर्ण भोगली. सेठ गोविंददास यांच्यासारख्या इतरही तरुणांना माधवरावांचे मार्गदर्शन लाभले. असहकाराच्या दिवसांत रायपुरात राष्ट्रीय विद्यालय सुरू करण्याच्या खटपटीतही ते होते.

1924 मध्ये देहरादून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. हिंदी जगताने आपल्या भाषेच्या सर्वोच्च व्यासपीठावर एका मराठी भाषकाला बसविले, याचे तेव्हा कोणाला आश्चर्य वाटले नाही. प्रकृती मात्र साथ देत नव्हती. 23 एप्रिल 1926 रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना पंचावन्नावे वर्ष चालू होते. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते.

रायपुरात एका शाळेला त्यांचे नाव दिलेले आहे. भोपाळमध्ये 1984 साली जुनी वृत्तपत्रे व नियतकालिके जतन करणारे संग्रहालय स्थापन झाले, त्यालाही माधवराव सप्रे यांचेच नाव आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे पिवळे पडलेले अंक चाळण्यासाठी देशभरातून विद्यार्थी व संशोधक तेथे येतात.