भास्कराचार्यांची निराधार पृथ्वी

नांदेड आणि लातूर या शहरांत बारावीच्या व प्रवेशपरीक्षांच्या अभ्यासासाठी दरवर्षी गावोगावची हजारो मुले येऊन राहतात. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे, दोरीला टांगलेल्या वजनाचे गणित ती घड्याळ लावून सोडवितात आणि उत्तरही बिनचूक काढतात. परंतु टेबलावर निश्चल पडलेल्या पुस्तकावर किती बले कार्य करीत आहेत, असे अचानक विचारले तर त्यांतलाच एखादा हुशार विद्यार्थी एकही नाही असे सांगून मोकळा होतो. पुस्तक हलत नाही, मग बल कोठून असणार? पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हा अनुभव आहे. निश्चलतेलाही कारण असते, ही गोष्ट सूत्रे पाठ होऊनही मनाला पटलेली नसते.

याच प्रश्नाशी आठशे वर्षांपूर्वी झुंजलेल्या एका पुरुषाचे नाव आपल्याकडे वारंवार घेतले जाते, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी. न्यूटनच्या आधी पाच शतके भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, असे सभासंमेलनांतून ठासून सांगण्यात येते. भास्कराचार्यांनी प्रत्यक्षात काय म्हटले, हे पाहण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. आपले जन्मवर्ष, आपले सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले गाव विज्जडविड आणि आपले वडील व गुरू महेश्वर यांची माहिती त्यांनी स्वतःच नोंदवून ठेविली, हे आपल्या प्राचीन ग्रंथकारांच्या संकोची स्वभावाला सोडूनच झाले. हे विज्जडविड कोणते, याविषयी विद्वानांत वाद आहे. कोणी विजापूर म्हणतात, कोणी आपले बीड म्हणतात. कन्नडच्या घाटाखाली, चाळीसगावजवळ असलेल्या पाटणच्या बाजूने पुष्कळांचा कौल आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती नावाच्या दुर्दैवी कन्येची आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची जी हृदयद्रावक कथा शाळाशाळांतून सांगितली जाते, ती १५८७ च्या फैजीच्या फार्सी भाषांतरासोबत आलेली आहे. आचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूस नाही.

गोलाध्यायात पृथ्वी कशावर टेकली आहे, हा प्रश्न येतो. पृथ्वीला शेष, कूर्म, दिग्गज असे आधार मानणाऱ्यांना भास्कराचार्यांनी दिलेले उत्तर कोणत्याही तर्कशास्त्राच्या वर्गात शोभावे असे आहे. आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. ही साखळी कोठे तरी थांबवून शेवटचा आधार स्वतःच्याच शक्तीने उभा आहे असे मानावे लागणार. मग ते पहिल्याच पायरीवर, पृथ्वीपाशीच, का मानू नये? पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, आकाशातील जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढते आणि म्हणून त्या पडतात असे आपल्याला वाटते; परंतु पृथ्वीच्या सभोवार अवकाश सर्व बाजूंनी सारखेच आहे, तेव्हा तिने स्वतः कोठे पडावे? संतुलित बलांखाली वस्तू स्थिर राहते, या नियमाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत हा युक्तिवाद पोहोचतो. तो सर्वस्वी त्यांचाच होता असेही नाही. चोहोबाजूंनी लोहचुंबक असलेल्या लोखंडी गोळ्याची उपमा सहाव्या शतकात वराहमिहिरांनी पृथ्वीला दिली होती, आणि वस्तू ओढून घेणे हा पृथ्वीचा स्वभाव असल्याचे ब्रह्मगुप्तही सांगून गेले होते.

पृथ्वी अखंड खाली पडत आहे असे मानणाऱ्या बौद्धांनाही भास्कराचार्यांनी फटकारले. वर फेकलेली जड वस्तू पृथ्वीवर परत येताना दिसत असता असे कसे म्हणता, एवढाच त्यांचा सवाल. आजच्या भाषेत तो अधिक नेमका मांडता येतो: पृथ्वी आणि दगड दोघेही सारख्याच वाढत्या वेगाने खाली जात असते, तर वर फेकलेला दगड परत जमिनीला टेकलाच नसता. सवाल बिनतोड आहे. तरीही नियतीची गंमत अशी, की पृथ्वी खरोखरच पडत आहे. फक्त खाली नव्हे, सूर्याकडे. तिच्यावरील सूर्याच्या ओढीला तोलून धरणारे दुसरे बल नाही. परंतु सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने ती आडवीही धावत असते, त्यामुळे ती सूर्यात न कोसळता त्याच्याभोवती फिरते. भास्कराचार्यांनी संतुलन मानले तेथे मुळात असंतुलन होते.

हे त्यांना दिसले नाही, कारण गतीविषयी त्यांची कल्पना आपल्या-तुपल्यासारखीच होती. गती आहे तर ढकलणारा कोणी असलाच पाहिजे. म्हणून आकाशातील ताऱ्यांना फिरविण्यासाठी प्रवह नावाचा वारा त्यांनीही पूर्वसूरींप्रमाणे मानला. समान वेगाने सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूला ढकलणारे काही लागत नाही, बल लागते ते वेग किंवा दिशा बदलण्यासाठी, हा विचार गॅलिलिओपासून आकार घेत १६८७ साली न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’त नियमाच्या रूपाने आला. पृथ्वी वस्तूंना ओढते असे म्हणणे एक, आणि ती ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते हे दाखवून चंद्राची कक्षा त्यावरून सिद्ध करणे वेगळे. दोहोंची गल्लत केल्याने भास्कराचार्य मोठे होत नाहीत.

त्यांची आणखी एक कल्पना आहे, ती सहसा गौरवाच्या भाषणांत येत नाही. गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात आपोआप फिरणाऱ्या चाकाची कृती दिली आहे. हलक्या लाकडाचे चाक घ्यावे, त्याला सारख्या अंतरावर, एकाच बाजूला किंचित कललेले पोकळ आरे बसवावेत, त्यांत अर्धा भाग पारा भरून तोंडे बंद करावीत. मग आसावर टेकविलेले हे चाक स्वतःच फिरत राहील. कल्पना मोहक आहे. एका बाजूचा पारा परिघाकडे धावतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे सरकतो, म्हणजे चाक नेहमीच एका अंगाला जड! परंतु ज्या बाजूला पारा आसापासून दूर असतो त्या बाजूला असे आरे कमी असतात आणि जवळ असतो त्या बाजूला जास्त. दोन्हींचा चाक फिरविण्याचा जोर बरोबरीत येतो, उरलेली गती घर्षण खाऊन टाकते आणि चाक थांबते. अवकाश सर्व बाजूंनी सारखे म्हणून पृथ्वी कोठेच पडणार नाही, हे ज्याने ओळखले, त्यालाच स्वतःच्या चाकातील बरोबरी दिसू नये! तरी त्याच अध्यायात सर्व यंत्रांत श्रेष्ठ म्हणून धीयंत्राचा, म्हणजे हातातली एक काठी आणि बुद्धी यांचा, त्यांनी मान राखला आहे.

एका दिशेचा तोल पाहून सर्वच तोल साधला असे समजणे किती महाग पडते, याचे उदाहरण लातूरच्या मुलांना पुस्तकात शोधावे लागत नाही. औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या दगडमातीची, जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद असलेली घरे होती. उन्हाळ्यात गार, आणि सरळ खाली येणारे वजन पेलण्यात मजबूत. माळवदाचा भार खाली, खांबांचा आणि भिंतींचा रेटा वर; तोल असा बसलेला की घर जणू निर्बल शांततेत उभे आहे असे वाटावे. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, चार वाजण्याच्या सुमारास जमीन आडवी हादरली. आडव्या बलाला उलट रेटा देणारे त्या भिंतींत काहीच नव्हते. दगड एकमेकांत गुंतविलेले नव्हते, मधला चिखल केवळ भर होता. जवळजवळ दहा हजार माणसे, बहुतेक झोपेतच, गेली. तोपर्यंत दख्खनचे हे पठार स्थिर समजले जात असे. त्याच्या पोटात खडकांवरचा ताण आणि खडकांतील घर्षण यांचा तोल होता, तो त्या पहाटे सुटला. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडकरांनाही घराबाहेर काढले, तेव्हा किल्लारी पुन्हा आठवली.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगगणिताला सोपा असा ग्रंथ लिहिला. त्यानंतरची त्यांची वार्ता मिळत नाही. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी पंडितांचे प्रमुख झाले, आणि नातू चांगदेव सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. या चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून पाटणला मठ स्थापिला. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांसमोर आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात, वंशाच्या गौरवाचा आहे. शेवटच्या ओळी मात्र साध्या जुन्या मराठीत आहेत. मठाच्या खर्चासाठी बाजारातून काय काय द्यावे, याची ती यादी. गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे मठाला पळी पळी तेल, असे त्यात ठरवून दिले आहे. पाटणचे ते घाणे पाऱ्यावर फिरत नव्हते. त्यांना बैल जुंपलेले होते.