हुमणीच्या नावापुढे कंसात असणारा फॅब्रिशियस कोण होता?

वळवाचा पाऊस पडला की दिवेलागणीला बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमायला लागतात. पुढे त्यांच्याच अळ्या जमिनीत राहून ऊस, भुईमुगाच्या मुळ्या कुरतडतात. आपण तिला हुमणी म्हणतो, काही भागात उन्नी म्हणतात. शास्त्रीय पुस्तकात मात्र माळावरच्या हुमणीचं नाव होलोट्रिकिया सेराटा असं असतं आणि पुढे कंसात फॅब्रिशियस, १७८१. हा फॅब्रिशियस कोण, ते आज बघू.

जोहान ख्रिश्चन फॅब्रिशियसचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी टोंडर गावी झाला. हे गाव आज डेन्मार्कमध्ये आहे. वडील डॉक्टर होते. सतराव्या वर्षी, १७६२ साली, तो स्वीडनमधल्या उप्साला इथं कार्ल लिनियस यांच्याकडे शिकायला गेला. प्राण्यांना आणि झाडांना दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत रूढ करणारे ते हेच लिनियस. उन्हाळ्यात गुरुजी आपल्या खेड्यातल्या घरी राहायला गेले, तर हा आणि त्याचे सोबती जवळच एका शेतकऱ्याच्या घरात भाड्यानं राहिले. गुरुजी सकाळी तिथं येऊन शिकवायचे. दोन वर्षं हे शिक्षण चाललं.

फॅब्रिशियसनं कीटक हाच विषय धरला. कीटकाचे पंख सगळेच बघत होते, यानं तोंडाचे भाग बारकाईनं तपासून गट पाडायला सुरुवात केली. कुरतडणारा कोण, रस शोषणारा कोण, हे तोंडावरूनच कळतं, हे आपल्याला फवारणी करताना माहीत असतंच. १७७५ साली त्याचं मोठं पुस्तक आलं. त्याच सुमारास तो कील इथं प्राध्यापक झाला. तिथं संग्रहालय आणि बाग देण्याचं कबूल झालं होतं, ते काही मिळालं नाही. मग सुट्टी लागली की हा लंडनला, पॅरिसला जायचा आणि दुसऱ्यांच्या संग्रहातले किडे बघून टिपणं काढायचा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी इथं तेव्हा डेन्मार्कची वखार होती, तिथूनही किडे त्याच्यापर्यंत पोचत. ३ मार्च १८०८ रोजी कीलमध्ये तो वारला. तोपर्यंत त्यानं जवळपास दहा हजार कीटकांना नावं दिली होती.

आपल्या शिवारातले किती तरी कीटक त्यात आहेत. आग्या मोहोळाच्या माशीचं नाव त्याचंच. मावा खाणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडा म्हणजे आपला मित्र, त्याचंही नाव १७८१ चंच. हुमणीचं सेराटा म्हणजे करवतीसारखे दाते असलेली.

आता कंसाची गंमत. फॅब्रिशियसनं हा भुंगेरा मेलोलोंथा या गटात टाकला होता. पुढच्या अभ्यासकांनी तो होलोट्रिकियात नेला. गट बदलला की मूळ नाव देणाऱ्याचं नाव कंसात लिहायचं, असा नियम आहे. नदीकाठच्या हुमणीचं नाव ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, पुढे ब्लँचर्ड, पण कंस नाही. कारण तिचा गट पहिल्यापासून तोच आहे.

हे वाचून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. मीही म्हणत होतो. आमचं एक रान नदीच्या कडेला आहे. एका वर्षी उसात हुमणी लागली. माळावरच्या हुमणीची माहिती वाचून मी रात्री बाभळी हलवत बसलो, भुंगेरे फारसे पडलेच नाहीत. उसाची बेटं मात्र हातानं ओढली तरी उपटून यायला लागली. शेवटी एका जाणकारानं अळी उलटी करून शेपटाकडच्या केसांची ठेवण भिंगातून बघितली आणि ही नदीकाठची आहे, असं सांगितलं. हुमणी म्हणून दोन्ही एकच, पण भुंगेऱ्यांच्या सवयी वेगळ्या. चूक माझीच होती, पण एक हंगाम गेला.

म्हणून यंदा हुमणी दिसली तर औषध आणायच्या आधी चार अळ्या मातीसकट डब्यात घाला आणि कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. ती नेमकी कोणती, ते नाव कागदावर लिहून घ्या. फॅब्रिशियसनं जन्मभर हेच काम केलं.