रसायनविदुषी गर्ट्रूड एलियन

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत कोणाच्या कमरेवर किंवा छातीवर बारीक फोडांचा पट्टा उठून आग होऊ लागली, की वडील मंडळी त्यास नागीण म्हणतात, वर गेरूचा लेप देतात, आणि नागिणीचे तोंड व शेपूट एकत्र मिळाल्यास रोगी दगावतो ह्या समजुतीने सारे घर धास्तावून जाते. वस्तुतः बालपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणूच ह्या रोगाचे मूळ होय. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि शरीराची शक्ती क्षीण झाली म्हणजे पुन्हा डोके वर काढतो. तो बहुधा एकाच बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने जात असल्यामुळे वेढा पूर्ण होण्याची भीती निराधार आहे. परंतु वेदना खऱ्या असतात, आणि डोळ्यापाशी फोड उठल्यास दृष्टीसही धोका संभवतो. ह्या विषाणूस आवर घालणारे औषध ज्या प्रयोगशाळेने जगास दिले, तेथील एका थोर विदुषीचे हे अल्प चरित्र आहे.

गर्ट्रूड एलियन हिचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी २३ जानेवारी १९१८ रोजी झाला. तिचे वडील दंतवैद्य होते. परंतु १९२९ सालच्या आर्थिक कोसळीत त्यांची सारी पुंजी गेली. ती पंधरा वर्षांची असता तिचे लाडके आजोबा पोटाच्या कर्करोगाने वारले. त्यांचे हाल डोळ्यांनी पाहून रोगांशी झगडण्यातच आयुष्य वेचावयाचे, असा तिने निश्चय केला. सुदैवाने हंटर कॉलेजात विनामूल्य शिक्षण मिळत असे. तेथून रसायनशास्त्र घेऊन १९३७ साली ती उत्तम रीतीने पदवीधर झाली.

परंतु पदवी मिळाली तरी दारे उघडली नाहीत. प्रयोगशाळेत स्त्रीस जागा देण्यास कोणी राजी होईना. काही काळ तिने विनावेतनही काम केले. पुढे दिवसा शाळेत शिकवावे आणि रात्री व सुटीच्या दिवशी प्रयोग करावे, असे कष्ट सोसून तिने १९४१ साली एम. एस्सी. ची पदवी संपादन केली. त्याच वर्षी तिचा वाग्दत्त वर हृदयाच्या झडपेस जंतुसंसर्ग होऊन मरण पावला. ज्या पेनिसिलिनने तो बहुधा वाचला असता, ते लोकांच्या हाती येण्यास केवळ काही वर्षांचा अवकाश होता. ती पुढे अविवाहितच राहिली.

महायुद्धामुळे पुरुषांची उणीव भासू लागली, तेव्हा स्त्रियांस संधी मिळू लागली. १९४४ साली बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज ह्यांच्या हाताखाली एलियन बाई रुजू झाल्या. डॉक्टरेटसाठी त्या रात्रीच्या वर्गास जात. परंतु पूर्ण वेळ शिकावयाचे किंवा नोकरी करावयाची, असा पेच पडताच त्यांनी पदवीवर पाणी सोडले.

ह्या दोघांची रीत अशी. प्रत्येक पेशीस व विषाणूस वाढण्यासाठी केंद्रकाम्लाची लांब साखळी तयार करावी लागते. तिच्या दुव्यांसारखेच दिसणारे, पण किंचित बदललेले पदार्थ प्रयोगशाळेत घडवावयाचे आणि शत्रूस फसवावयाचे. ह्या रीतीने निघालेले मर्कॅप्टोप्युरिन १९५३ साली मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर मान्य झाले. मूत्रपिंडाच्या रोपणास व वातरक्तास उपयोगी पडणारी औषधेही येथूनच निघाली.

१९४८ साली बाईंच्या एका रसायनाने देवीच्या लशीतील विषाणूची वाढ रोखलेली दिसली. पण ते शरीरास फार विषारी ठरल्याने बाजूस ठेवावे लागले. सुमारे वीस वर्षांनी, १९६८ साली, त्यांनी तोच धागा पुन्हा हाती घेतला. हॉवर्ड शेफर व इतर सहकाऱ्यांच्या श्रमांतून असायक्लोव्हिर हे औषध तयार झाले, आणि ते कसे कार्य करते ह्याचा उलगडा बाईंच्या पथकाने केला. मलकापूरच्या स्थानकावर मालगाडीस डबे जोडताना एखाद्या डब्यास मागील आकडाच नसला, तर पुढचा डबा जोडताच येणार नाही. असायक्लोव्हिर हा असाच बिनआकड्याचा डबा होय. विशेष हे की, त्यास कामास लावणारी पहिली किल्ली विषाणूपाशीच असते. त्यामुळे निरोगी पेशींस फारशी इजा होत नाही. विषाणू मारावा तर रोगीही मरेल, हा पूर्वीचा समज ह्या औषधाने खोटा ठरविला. अमेरिकेत ते १९८२ साली मान्य झाले. बाई १९८३ साली निवृत्त झाल्या. त्यांच्याच पथकाच्या परिश्रमांतून एड्सवरील पहिले औषध झिडोव्हुडिन १९८७ साली पुढे आले.

१९८८ साली हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक ह्यांच्यासह बाईंस नोबेल पारितोषिक मिळाले. कष्टाने मिळविलेली डॉक्टरेट त्यांच्यापाशी नव्हतीच. सन्मानाच्या मात्र अनेक आल्या. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आज असायक्लोव्हिर भारत सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते दडलेल्या विषाणूचे मूळ उपटू शकत नाही, आणि फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत घेतल्यासच त्याचा गुण चांगला येतो. म्हणून विद्यार्थिमित्रहो, घरी आजोबांस किंवा आजीस नागीण उठली, तर गेरू उगाळण्यात दिवस दवडू नका. त्यांस त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आजोबांच्या दुःखाने व्याकुळ झालेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या निश्चयाचे फळ त्यामुळे तुमच्या घरापर्यंत पोहोचेल.