हैदराबादच्या आकाशातील चोरवाट

ड्रोनमुळे आकाशाच्या वापराचे नियम आज चर्चेत आहेत. हैदराबादला हा प्रश्न १९४८ मध्येच भेडसावला होता आणि त्याच्या केंद्रस्थानी होते सिडनी कॉटन हे ऑस्ट्रेलियन वैमानिक.

कॉटन यांचा जन्म १८९४ मध्ये क्वीन्सलंड येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेत होते. उघड्या विमानात गारठणाऱ्या वैमानिकांसाठी त्यांनी १९१७ मध्ये तयार केलेला ‘सिडकॉट’ पोशाख अनेक वर्षे वापरात राहिला. १९३९ मध्ये नागरी विमानात कॅमेरे दडवून त्यांनी जर्मनीची गुप्त छायाचित्रे टिपली. मात्र वरिष्ठांशी न पटल्याने १९४० मध्ये त्यांना त्या कामातून दूर करण्यात आले.

हैदराबाद संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. म्हणूनच गोव्यातील मुरगाव बंदरावर निजामाचा डोळा होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार झाला, तरी तणाव वाढतच गेला. भारताच्या नाकेबंदीत औषधेही अडवली जातात, अशी निजाम सरकारची तक्रार होती. या कोंडीत कॉटन यांनी आकाशाची वाट धरली. कराचीहून निघालेली त्यांची ‘लँकेस्ट्रियन’ विमाने रात्रीच्या अंधारात बिदर व वरंगळ येथे उतरत. त्यांच्या पोटात शस्त्रे असत.

आपल्या भूमीवरील आकाशावर त्या त्या राष्ट्राचा पूर्ण अधिकार असतो, हे १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले होते. कॉटन यांनी भारताची अनुमती घेतली नव्हती. ती शस्त्रे निजामाच्या राजवटीचे बळ वाढवीत होती आणि रझाकारांचा जाच सोसणाऱ्या मराठवाड्यासाठी तो जीवनमरणाचा प्रश्न होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने हा खेळ संपला. ब्रिटनमध्ये कॉटन यांना अवघा २०० पौंडांचा दंड झाला. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

हैदराबाद-बिदर मार्गावरील विकाराबाद येथे २०२१ मध्ये ड्रोनद्वारे औषधे पोहोचविण्याचा प्रयोग झाला, तो रीतसर परवानगीने. त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग पाडले. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकांची, तर लाल विभागात केंद्र सरकारची परवानगी लागते. वरून जाणाऱ्या यानात औषध आहे की काडतूस, हे जमिनीवरील माणसाला दिसत नाही. म्हणूनच यानाची नोंद हवी आणि चालविणाऱ्यावर उत्तरदायित्वही हवे. कॉटन यांच्या धाडसी आयुष्यातून हैदराबादने घ्यावा, असा धडा हाच आहे.