संत गोरा कुंभार

संत गोरा कुंभार (परंपरेनुसार जन्म : शके ११८९, इ.स. १२६७, समाधी : चैत्र वद्य त्रयोदशी, शके १२३९, इ.स. १३१७) हे वारकरी संप्रदायातील संतकवी होते. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या समकालीन संतांमध्ये ते वयाने वडील असल्यामुळे त्यांना 'गोरोबाकाका' म्हणून ओळखले जाते. देहभान हरपून अध्यात्मविश्वात लीन होणे आणि पुन्हा देहाच्या व्यवहारात परतणे हे त्यांच्या चरित्रकथेचे मुख्य सूत्र आहे.

जन्मस्थान व व्यवसाय

गोरोबा धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठच्या तेर या गावचे. प्राचीन काळी तगर नावाने प्रसिद्ध असलेल्या या व्यापारी नगरीचा उल्लेख ग्रीक प्रवासवर्णनातही आढळतो. वडिलोपार्जित कुंभारकाम करीत ते विठ्ठलाचे नामस्मरण करीत असत. माती तुडविणे, चाक फिरविणे, मडकी थापटणे व आवा लावणे ही कामे त्यांनी संतपदाला पोहोचल्यावरही सोडली नाहीत, असे परंपरा सांगते.

चिखल तुडविण्याचा प्रसंग

इ.स. १७६२ मध्ये पूर्ण झालेल्या महिपतींच्या 'भक्तविजय' या ग्रंथात गोरोबांची कथा विस्ताराने आली आहे. पाणी आणण्यास जाताना पत्नी संती हिने तान्हे मूल गोरोबांवर सोपविले. ते मात्र नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत होते. रांगत आलेले मूल पायांखाली आले, तरी त्यांना त्याची जाणीव झाली नाही. संतीच्या आक्रोशाने त्यांची तंद्री भंगली. पुढे झालेल्या कलहात, आपल्याला स्पर्श करू नये, अशी विठ्ठलाची शपथ तिने त्यांना घातली आणि ती त्यांनी पाळली. वंश चालावा म्हणून संतीने आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचा विवाह लावून दिला. दोघींना सारखेच वागवावे, असे सासऱ्यांनी सांगितल्यामुळे गोरोबांनी रामीलाही स्पर्श केला नाही. एका रात्री दोघी बहिणींनी झोपेत असलेल्या गोरोबांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जागे झाल्यावर शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात त्यांना हात पुन्हा फुटले व मूलही रांगत आले, असा कथेचा शेवट आहे.

देहभान व विदेहावस्था

लोकधर्मात देह आणि अदृश्य विश्व यांच्यातील संचाराची अन्य रूपेही आहेत. अंगात येण्याच्या प्रकारात दैवत भक्ताच्या देहात उतरते, असे मानले जाते. याच जिल्ह्यातील अणदूर-नळदुर्ग हे ज्या खंडोबाचे क्षेत्र आहे, त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे श्वान मानतात. श्वानाप्रमाणे भुंकणे आणि कोटंब्यात वाढलेले अन्न खाणे हा त्यांच्या आचाराचा भाग होता. गोरोबांच्या कथेत देहात कोणी येत नाही वा माणसाचे रूपही पालटत नाही. 'मी'पणाची जाणीव तेवढी मावळते, देह मात्र आपले काम करीत राहतो. त्या अवस्थेचे मोल आई आणि मूल यांना द्यावे लागते, ही बाब कथेत झाकलेली नाही. शपथ, दुसरा विवाह व हात तोडणे या घटना त्याच प्रसंगातून उद्भवतात. मूल परत आल्यावरच कथा पूर्ण होते.

संतपरीक्षा

आणखी एका कथेनुसार संतमेळ्यातील कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, हे पाहण्यास मुक्ताबाईंनी गोरोबांना सांगितले. त्यांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर थापटले. इतर संत शांत राहिले. नामदेवांनी मात्र राग व्यक्त केल्याने ते कच्चे ठरले. त्यानंतर नामदेवांनी औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना गुरू केले. देहाभिमान शिल्लक आहे की नाही, हे पाहणारी ही कसोटी होती.

अभंगरचना व स्मृती

गोरोबांच्या नावावर सुमारे २० अभंग उपलब्ध आहेत. निर्गुणाचा अनुभव, अद्वैत आणि नामदेवांशी संवाद हे त्यांचे प्रमुख विषय होत. तेर येथे त्यांचे समाधिमंदिर असून चैत्र वद्य पक्षात तेथे मोठी यात्रा भरते. त्यांच्या चरित्रावर मराठीसह तेलुगू व कन्नड भाषांतही चित्रपट निघाले. 'भक्त कुंबार' (१९७४) या कन्नड चित्रपटात राजकुमार यांनी गोरोबांची भूमिका केली.