शाळेचा दाखला नसलेले हकीमसाहेब: हकीम अजमल खान

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न नेहमी येतो. पोरगा मदरशात शिकला, शाळेचा दाखला नाही, आता डॉक्टरकीचे दार बंदच समजायचे का? अशा वेळी आम्हाला दिल्लीचे हकीम अजमल खान आठवतात.

त्यांचा जन्म १८६८ चा, दिल्लीतल्या बल्लीमारान मोहल्ल्यातील नामांकित हकीम घराण्यातला. ते इंग्रजी शाळेत कधी गेले नाहीत. कुरआन, अरबी, फारसी यांची तालीम घरीच झाली. पुढे वडील आणि थोरल्या भावांच्या हाताखाली ते तिब्ब, म्हणजे युनानी वैद्यक, शिकले. नाडी बघणे, औषधे ओळखणे, नुस्खा लिहिणे हे सगळे रोजच्या रुग्णांमधून आले. १८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे मुख्य हकीम झाले. वय होते अवघे चोवीस.

भाऊ वारल्यावर दिल्लीतला दवाखाना आणि थोरले बंधू अब्दुल मजीद खान यांनी सुरू केलेला मदरसा तिब्बिया यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. मुली आणि दाया यांच्यासाठी त्यांनी १९०९ मध्ये वेगळा मदरसा काढला. वैद्य आणि हकीम एकत्र यावेत म्हणून १९१० मध्ये परिषद भरवली. मुंबई प्रांतात १९१२ साली डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला, तेव्हा वैद्य-हकिमांना त्या यादीत जागा नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान कागद नाही म्हणून बाद ठरणार, हा धोका त्यांनी ओळखला होता.

पण ते नुसते तक्रार करत बसले नाहीत, हे आपण नीट समजून घ्यायला हवे. १९११ मध्ये ते युरोपला गेले, तिथली रुग्णालये पाहिली. परत येऊन मोठ्या कॉलेजच्या कामाला लागले. करोलबागेत १९१६ ला पाया घातला गेला आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तिब्बिया कॉलेजचे उद्‌घाटन झाले. तिथे युनानीही आणि आयुर्वेदही, जोडीला शरीररचना आणि शस्त्रक्रियेचे नवे ज्ञान. हिंदुस्तानी दवाखान्याच्या औषधविक्रीतून कॉलेजला पैसा मिळे.

म्हणजे बघा, ज्यांच्याकडे स्वतःचा दाखला नव्हता, त्यांनीच दुसऱ्यांसाठी वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा उभ्या केल्या.

इंग्रज सरकारने दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब त्यांनी असहकाराच्या काळात परत केला, तर लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हटले. १९२० मध्ये ते जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती झाले. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनीच सांभाळले. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे शास्त्रज्ञ सलीमुझ्झमां सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून वेगळ्या केलेल्या एका औषधी घटकाला त्यांच्याच नावावरून अजमलीन म्हटले गेले.

मग पालकांना आम्ही काय सांगावे? घरी घेतलेली तालीम कमी दर्जाची नसते, तिची लाज बाळगू नका. पण जमाना बदलला आहे. आज युनानीच्या बीयूएमएस पदवीसाठीही साधारणपणे बारावी विज्ञान आणि नीट लागतेच. दाखला नसेल तर मुक्त विद्यालयातून परीक्षा द्या, उशीर झाला तरी द्या. कागदाशिवाय दवाखाना थाटून लोकांच्या जिवाशी खेळणे, हा हकीमसाहेबांचा रस्ता नव्हे. कच्च्या हातात रुग्ण जाऊ नये, यासाठीच तर त्यांनी कॉलेज बांधले.